अनुभव हवे आहेत: नागपूरहून विमानाने घर ते घर किती वेळ लागतो?

आमच्या गल्लीत बहुतेक घरांत आईवडील इथे आणि मुलं पुण्या-मुंबईला. कुणाची तब्येत बिघडली की पहिला प्रश्न एकच, "किती वाजेपर्यंत पोचशील?" नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे 690 किमी. रेल्वेने 837. समृद्धीने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतच 701. तिकिटावर विमानाचा वेळ दीड-पावणेदोन तास लिहिलेला असतो, पण खरा किती लागतो ते जाणाऱ्यालाच माहीत. आपापला अनुभव लिहा, वेळेसकट.

प्रतापनगर
घरून विमानतळ जवळच. पण मुंबईत उतरून डोंबिवली गाठायची तर संध्याकाळी विमानापेक्षा टॅक्सीतच जास्त वेळ जातो. मी सहा तास धरून चालतो. आईला विमान उतरायची वेळ कधीच सांगत नाही, तेव्हापासून ती दारात खुर्ची टाकून बसते. घरी पोचायची वेळ सांगा.

मनीषनगर
विमानतळावर नोकरी केली आहे म्हणून लिहितो. तिकिटावरचा वेळ म्हणजे इथे विमान जागेवरून हलल्यापासून तिथे जागेवर उभं राहीपर्यंतचा. प्रत्यक्ष हवेत त्याहून कमी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दी असली की वरच घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रकात तेवढी सूट आधीच धरलेली असते. उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं ते यामुळेच.

धंतोली
त्यात वाऱ्याची भर घाला. हिवाळ्यात वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. मुंबईला जाताना तो समोरून, येताना पाठीमागून. येताना विमान लवकर टेकतं, हे नेहमी जाणवतं.

चंद्रपूर
आम्हाला आधी नागपूरच तीन तास. तरीही बाबांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला विमानानेच नेलं. पुणे सुमारे 600 किमी. रेल्वेत रात्रभर पाय खाली सोडून बसले की सकाळी घोट्याजवळ एवढी सूज यायची की चप्पल चढत नसे. या वेळी उतरले ते स्वतःच्या बुटांत. तिकीट महाग पडलं, पण त्याचं काहीच वाटलं नाही. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

महाल
आमचे आजोबा टपाल खात्यात होते. 1949 साली रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावर उतरायची. थैल्यांची अदलाबदल झाली की पुन्हा उडायची. संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत! आजोबा सांगायचे, पावसाळ्यात थैल्यांवर ताडपत्री टाकून माणसं स्वतः भिजत उभी राहायची. देशाच्या मधोमध असल्याचं मोल आपल्या गावाला तेव्हापासून आहे बाप्पा.

उमरेड रोड
दिल्लीचं कोणीच नाही लिहिलं. सुमारे 850 किमी, तिकिटावर पावणेदोन तासांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान घेऊ नका, तिकडच्या धुक्यानं इथंच बसून राहावं लागते. दुपारचं घ्या. आणि मुलाची परीक्षा-मुलाखत असली तर आदल्या दिवशीच पोचा भाऊ.