वॉरक्राफ्ट 3: कॅमेरा दूर नेल्यावर नकाशाचा लांबचा भाग दिसेनासा होतो

डोंगरवाट (प्रश्न):
मी वॉरक्राफ्ट 3 या संगणकीय युद्धखेळाच्या वर्ल्ड एडिटरमध्ये (खेळासाठी स्वतःचे नकाशे बनवण्याच्या साधनात) चार खेळाडूंसाठी तटबंदी राखण्याच्या प्रकारातला एक नकाशा तयार करत आहे. शत्रूच्या तुकड्या दोन बाजूंनी येतात आणि खेळातील मूळच्या 1650 या कॅमेरा-अंतरातून एका वेळी एकच बाजू दिसते. म्हणून नकाशा सुरू होताच ‘सेट कॅमेरा फील्ड’ या क्रियेने मी ते अंतर 3000 केले आणि पुढचे अधिक दिसावे यासाठी कॅमेऱ्याचा कोन 304 वरून 330 वर नेला. त्यानंतर पडद्याच्या वरच्या भागात जमीन सुरीने कापल्यासारखी एकाएकी संपते आणि त्याच्या अलीकडचा बराच भाग फिकट दिसतो. खेळाडूने माउसचे चाक फिरवले की अंतर पुन्हा पूर्वीसारखे होते. शिवाय खेळात रात्र झाली की नायक जवळ उभा असूनही निम्मा पडदा काळवंडलेला राहतो. नकाशात टेरेन फॉग (दूरची जमीन फिकट करणारे धुके) चालू आहे. त्याची सुरुवात 3000 वर आणि शेवट 5000 वर ठेवला आहे. या सगळ्यामागे एकच कारण असावे का?

कातळकडा:
कारणे वेगवेगळी आहेत आणि ती आधी वेगळी काढली नाहीत, तर एक आकडा सुधारताना दुसरीकडे बिघाड झाल्यासारखे वाटत राहील. एडिटरमधून चाचणी चालवताना ‘आयसीडेडपीपल’ (iseedeadpeople) हा चीट, म्हणजे खेळाचे नियम वाकवणारा सांकेतिक शब्द, रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. त्याने संपूर्ण नकाशा उघडा होतो; त्यानंतरही जो दोष उरेल तो कॅमेऱ्याचा किंवा टेरेन फॉगचा आणि जो नाहीसा होईल तो फॉग ऑफ वॉरचा, म्हणजे आपल्या युनिटांच्या (सैनिक, नायक वगैरेंच्या) नजरेबाहेरचा भाग झाकणाऱ्या अंधाराचा.

जमीन कापली जाते ती ‘फार झेड’ या कॅमेरा-फील्डमुळे. त्याचे मूळ मूल्य 5000 आहे आणि कॅमेऱ्यापासून त्यापलीकडे असलेले काहीही खेळ रेखाटत नाही. 304 म्हणजे क्षितिजाच्या 56 अंश खाली रोखलेली नजर. त्या कोनात 3000 अंतर ठेवले तरी पडद्याची वरची कड सहसा या मर्यादेच्या आत राहते. 330 ला मात्र नजर केवळ 30 अंश खाली उरते, वरच्या कडेची दृष्टिरेषा जवळजवळ आडवी होते आणि ती जमिनीला फार लांब जाऊन मिळते. तुमच्या नकाशात खरा घोळ अंतरापेक्षा कोनाने केला आहे.

फिकटपणाचा हिशेब तर आणखी सरळ आहे. कॅमेरा लक्ष्यबिंदूपासून 3000 वर आणि धुक्याची सुरुवातही 3000 वर, त्यामुळे पडद्याच्या मध्यापासूनच धुके चढू लागते. 1650 ला ते जाणवत नव्हते इतकेच. फार झेड 10000 करा, धुके 6000 ते 9500 च्या दरम्यान ठेवा आणि कोन 310 च्या आसपास परत आणा. धुके फार झेडच्या थोडे अलीकडे पूर्ण होऊ दिले, तर कापलेली कड कधी नजरेस आलीच तरी ती धुक्यात झाकली जाते. दाट झाडी असलेल्या नकाशात इतके दूरचे रेखाटताना जुन्या संगणकांवर खेळ अडखळू शकतो, तेव्हा गरजेपेक्षा मोठे आकडे टाकू नयेत.

माउसच्या चाकासाठी ठरावीक वेळाने चालणारा ट्रिगर (आपोआप चालणारा आदेशसंच) करून तेच मूल्य पुन्हा लावावे लागते. सेकंदातून एक-दोनदा पुरते. नाट्यदृश्ये असतील तर तेवढ्यापुरता हा ट्रिगर बंद करायला विसरू नका, नाहीतर तो तुमच्या दृश्यातील कॅमेरा मध्येच ओढून घेईल.

निवडुंग:
रात्रीच्या अंधाराबद्दल लिहितो. नायकांची दृष्टित्रिज्या सर्वसाधारणपणे दिवसा 1800 आणि रात्री 800 असते. ऑब्जेक्ट एडिटरमध्ये (युनिटचे गुणधर्म बदलण्याच्या विभागात) रात्रीचा आकडा वाढवता येतो, परंतु 1800 ही कोणत्याही युनिटसाठी कमाल मर्यादा आहे. त्याहून मोठा आकडा लिहूनही उपयोग होत नाही. कॅमेरा जितका मागे न्याल तितका त्या वर्तुळाबाहेरचा अंधार पडद्यावर अधिक येणार. शत्रू येण्याचे मार्ग ठरलेले असल्यामुळे त्या मार्गांवर रीजन (ठरावीक क्षेत्र) आखून प्रत्येक खेळाडूसाठी ते क्षेत्र सतत उघडे ठेवणारा व्हिजिबिलिटी मॉडिफायर तयार करावा, हा उपाय मला सर्वांत योग्य वाटतो. तो मध्येच काढायचा असेल तर व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवा आणि काम झाल्यावर नष्ट करा. त्रिज्येच्या आत असूनही एखादा पट्टा काळा राहिला, तर तिथे झाडे किंवा उंच कडा आहे का ते पाहा. जमिनीवरील युनिटची नजर त्यांच्यापाशी अडते, उडणाऱ्या युनिटची अडत नाही.

डोंगरवाट:
कोन 310, फार झेड आणि धुके वरीलप्रमाणे बदलल्यावर दृश्य स्वच्छ झाले. आपणा दोघांचे आभार. आता प्रत्येक खेळाडूला चॅटमध्ये ‘झूम’ आणि आकडा लिहून स्वतःचे अंतर निवडू द्यावे, असे मनात आहे. त्यामुळे बहुखेळाडू सामन्यात खेळाडू डिसिंक होऊन (त्यांच्या संगणकांवरील खेळाची स्थिती एकमेकांशी न जुळून) बाहेर फेकले जाण्याचा धोका आहे का?

कातळकडा:
अंतर लावण्याने धोका नाही, कारण कॅमेरा ही प्रत्येक संगणकाची स्वतंत्र बाब आहे आणि खेळाडूनिहाय कॅमेरा बदलणारी क्रिया आतून ‘गेट लोकल प्लेयर’ (हा संगणक कोणत्या खेळाडूचा हे सांगणारे फंक्शन) हेच वापरते. धोका आहे तो उलट दिशेने, म्हणजे सध्याचे कॅमेरा-मूल्य वाचून त्यावर युनिट निर्माण करणे किंवा सोने देणे असले काही ठरवण्यात. ते मूल्य प्रत्येकाकडे वेगळे असल्याने सामना तिथेच तुटतो. म्हणून चॅटमधून आलेला आकडा खेळाडूच्या क्रमांकानुसार ॲरेमध्ये (मूल्यांच्या क्रमवार यादीत) ठेवा आणि चाकासाठी केलेल्या ट्रिगरने तोच वाचून लावू द्या. आकडा 1200 ते 3000 च्या दरम्यान अडवून धरा, नाहीतर कोणीतरी 9000 लिहील. शिवाय 3000 ला नकाशाच्या कडेबाहेरचा काळा पट्टा दिसू लागतो. कॅमेऱ्याच्या सीमा चारही बाजूंनी थोड्या आत घेतल्यास तो झाकता येईल. 2018 च्या 1.29 आवृत्तीपासून रुंद पडद्याला रीतसर आधार मिळाला असल्याने, डाव्या-उजव्या सीमा रुंद पडद्यावरच तपासून पाहा.