टी-पेशींची चाचणी रुग्णांना सरसकट उपलब्ध व्हावी का?

कोथरूडकर :
माझ्या मावशीला संधिवातासाठी दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब घ्यावे लागते. हे औषध बी-पेशी नष्ट करते, आणि प्रतिपिंडे (अँटीबॉडी) निर्माण करणाऱ्या पेशी बी-पेशींपासूनच घडत असल्यामुळे कोविशील्ड घेऊन आणि पुढे कोरोना होऊन गेल्यावरही तिची अँटीबॉडी चाचणी निगेटिव्ह आली. त्यावरून शरीराने काहीच कमावले नाही असा समज करून घेऊन ती कित्येक महिने घराबाहेर पडली नाही. वास्तविक विषाणूशी लढणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे टी-पेशी, या औषधाने बहुतांशी शाबूत राहतात. २००३च्या सार्स या दुसऱ्या कोरोनाविषाणूच्या आजारातून बरे झालेल्या रुग्णांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी असल्याचे सिंगापूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले आहे. त्याच वर्षी प्रतिपिंडांसाठीची 'कवच एलायझा' आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केली. मग टी-पेशी मोजण्याची सोय अशा रुग्णांना का मिळू नये?

पेशीगणक :
मी बरीच वर्षे प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून आधी कामाचे स्वरूप सांगतो. एलायझाला रक्तातील सीरम, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, पुरते. ते थंड ठेवून कोल्हापूरहून रात्रीच्या बसने पाठवले तरी चालते. टी-पेशी मोजणाऱ्या एलिस्पॉट चाचणीला मात्र जिवंत पेशी लागतात. रक्त काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचवून त्यातून पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे देऊन रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचे, आणि विषाणू ओळखल्यावर इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडणारी प्रत्येक पेशी जो ठिपका उमटवते ते ठिपके मोजायचे. रक्त शिळे झाले की ठिपके घटतात, आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी की कुरियरवाला उशिरा आला, हे अहवालावरून कळत नाही. शिवाय तीव्र आजारात रक्तातील लिम्फोसाइट (टी-पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) मुळातच कमी होतात. त्या दिवसांत घेतलेला आकडा तर अधिकच फसवा.

कोथरूडकर :
क्षयरोगासाठीची इग्रा चाचणी याच तत्त्वावर चालते आणि ती पुण्यातल्या खासगी प्रयोगशाळांत नित्य होते. तिथे जिवंत पेशींची अडचण आड आली नाही, ती इथेच का यावी?

पेशीगणक :
तुमचा मुद्दा रास्त आहे. वाहतुकीची अडचण पैसे खर्चून सुटेल. पण इग्रात वापरलेली प्रथिने क्षयरोगाच्या बीसीजी लशीतल्या जंतूत नसतात, त्यामुळे लस घेतलेला आणि संसर्ग झालेला यांत गल्लत होत नाही. कोरोनाचे तसे नाही. साध्या सर्दीचे कोरोनाविषाणू आपल्यात पूर्वीपासून आहेत, आणि कॅलिफोर्नियातील ला होया येथील २०२०च्या अभ्यासात, साथीपूर्वी घेतलेल्या रक्ताच्या सुमारे निम्म्या नमुन्यांत नव्या विषाणूला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी सापडल्या. तेव्हा ठिपके किती आले म्हणजे रुग्ण सुरक्षित, ही सीमारेषा कोणी आणि कशी आखायची? अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०२१ मध्ये एका टी-पेशी चाचणीला आपत्कालीन परवानगी दिली, तीही संसर्ग होऊन गेला आहे का हे पाहण्यासाठी; संरक्षण किती आहे हे सांगण्यासाठी नव्हे.

एरंडवण्याची डॉक्टर :
मला या वादात एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे अहवाल हातात आल्यावर आपण काय वेगळे करणार. रिटुक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णाला लस देताना मी औषधाच्या पुढच्या मात्रेआधी काही आठवड्यांचा अवकाश ठेवते. त्यासाठी टी-पेशी मोजाव्या लागत नाहीत. अहवाल निगेटिव्ह आला तरी लस द्यायचीच, आणि पॉझिटिव्ह आला म्हणून ताप येताच तपासणी करून औषध लवकर सुरू करण्यात मी ढिलाई करणार नाही. टी-पेशी पेशीत शिरलेल्या विषाणूचा बंदोबस्त करतात, त्यामुळे आजार सौम्य राहण्यास मदत होते; संसर्गच होणार नाही याची हमी त्या देत नाहीत. हा फरक अहवालावर छापला जाणार नाही.

कोथरूडकर :
डॉक्टर, जो अँटीबॉडी अहवाल वाचून मावशी खचली, त्यावर तरी 'हा आकडा अर्धाच आहे' असे कुठे छापले होते? तोही निर्णयासाठी उपयोगाचा नव्हता, तरी सर्रास विकला गेला. २०२०च्या उन्हाळ्यानंतर शहराच्या पाच प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ज्यांची तोवर ओसरली होती ते त्या मोजणीतून सुटले असणारच.

पेशीगणक :
सर्वेक्षणासाठी आणि संशोधनासाठी टी-पेशी मोजाव्यात, याला माझा विरोध कधीच नव्हता; पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून शेकडो नमुने एकाच पद्धतीने तपासता येतात आणि तिथे तुलनेला अर्थ असतो. विरोध आहे तो एकट्या रुग्णाच्या हाती एकटा आकडा देण्याला. मावशींच्या अँटीबॉडी अहवालाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे: रिटुक्सिमॅब चालू असताना ती चाचणी सुचवायलाच नको होती.