तीन ते सहा वर्षांच्या मुलांची एकत्र खोली कशी मांडावी?

प्रश्न:
आमच्या बालवर्गात तीन ते सहा वर्षांची मुले एकाच खोलीत असतात. भिंतींवर अक्षरे, अंक, प्राणी आणि वाहने यांचे तक्ते छतापर्यंत लावलेले आहेत. खेळणी मात्र कुलूपबंद कपाटात असून ती ठरलेल्या वेळी शिक्षिका काढून देतात. आता मांडणी बदलण्याची संधी मिळाली आहे. भरगच्च भिंती पाहून पालकांना समाधान वाटते, तर व्यवस्थापनाचा भर नव्या टेबलखुर्च्यांवर आहे. वयानुरूप वातावरण घडवायचे, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर १:
कपाटाच्या कुलपापासून करावी. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह (लहान मुलांची शाळा) सुरू केले, तेथेही साहित्य कपाटात बंद असे. एकदा ते उघडे राहिले आणि मुलांनी आपापल्या आवडीचे साहित्य स्वतःच काढून घेतले. शिक्षिकेला हा बेशिस्तपणा वाटला, परंतु मॉन्टेसरी यांना त्यात मुलांची निवडीची इच्छा दिसली आणि पुढे मुलांचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे आली. आपणही उघडी, कमी उंचीची मांडणी ठेवावी, तीवर मोजकेच साहित्य असावे आणि प्रत्येक वस्तूचा एकच संच असावा, म्हणजे मुले आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतात. प्रत्येक वस्तूची जागा चित्राने दाखवली, तर वाचता न येणारे मूलही ती परत जागेवर ठेवू शकते. खुर्च्यांबाबत एवढेच पाहावे की बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. लहानांसाठी बैठकीची उंची सुमारे २६ सेंटिमीटर आणि मोठ्यांसाठी ३१ सेंटिमीटर असली, तर बहुतेकांची सोय होते.

उत्तर २:
भिंतींविषयी लिहितो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बालवर्गातील २४ मुलांना काही पाठ सजवलेल्या खोलीत आणि काही जवळजवळ रिकाम्या भिंतींच्या खोलीत देण्यात आले. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष पाठावरून अधिक वेळ उडाले आणि त्यांना शिकवलेलेही कमी समजले. मुलांची संख्या लहान होती आणि हे पाठ मोठ्यांनी समोर बसवून दिलेले होते, मुक्त खेळाचे नव्हते. त्यामुळे यावरून भिंती ओक्याबोक्या ठेवाव्यात असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. तथापि गोष्ट सांगण्याची जागा जेथे असेल, तेथे शिक्षिकेच्या मागची भिंत तरी शांत असावी. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते, म्हणजे छतालगतचे तक्ते (स्पष्टच बोलायचे तर) पाहुण्यांसाठी असतात. त्यांच्या जागी मुलांची स्वतःची चित्रे, त्यांनी सांगितलेले वाक्य खाली लिहून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर लावावीत. पालकही ती अधिक उत्सुकतेने पाहतात.

उत्तर ३:
एकाच संचाचा आग्रह आपल्या खोलीसाठी मला योग्य वाटत नाही. मुलांच्या खेळाच्या अमेरिकी अभ्यासक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत दिसले होते की लहान मुले पुष्कळदा शेजारी बसून एकसारख्या साहित्याने खेळतात, पण एकमेकांसोबत खेळत नाहीत. अशा वयात एकच ट्रक ठेवणे म्हणजे भांडणाला निमंत्रण देणे होय. लहानांच्या आवडत्या वस्तूंचे दोनतीन नग ठेवावेत. पाळीची अपेक्षा मोठ्यांच्या साहित्यापुरती असावी. अजून वस्तू तोंडात घालणारी मुले असतील, तर मणी आणि बारीक तुकडे वरच्या फळीवर हवेत, आणि कोड्यांत चार तुकड्यांपासून वीसपंचवीस तुकड्यांपर्यंत चढती काठिण्यपातळी हवी.

ठोकळे आणि नाट्यखेळ हे गोंगाटाचे कोपरे शेजारीशेजारी असावेत, कारण मुले ठोकळ्यांचे घर बांधून त्यातच खेळू लागतात. पुस्तकांचा कोपरा त्यांपासून दूर असावा. मात्र वेळापत्रक बदलले नाही, तर ही सारी मांडणी वाया जाईल. नाट्यखेळात कोण काय होणार हे ठरवण्यातच बराच वेळ जातो. दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजत असेल, तर खेळ रंगण्याआधीच आवराआवर सुरू होते. मुक्त खेळासाठी किमान पाऊण तास सलग मिळाला पाहिजे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. पाऊण तासाचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवते. खुर्च्यांची खरेदी तूर्त थांबवून प्रथम बुटकी मांडणी घ्यावी, असे वाटते.

उत्तर ३:
योग्य आहे. मांडणी आल्यावर आठवडाभर केवळ नोंदी ठेवाव्यात: मुले कोठे रमतात, भांडणे कोठे होतात आणि कोणत्या कामासाठी त्यांना मोठ्यांना हाक मारावी लागते. पुढचे बदल त्या नोंदींवरून ठरवावेत.