विषय: वादळाआधीच काउंटीशी (इथल्या जिल्हा प्रशासनाशी) बोलून घ्यायचं का?

प्रेषक: चिटणीस

मंडळी, नमस्कार.

१ जूनला हरिकेनचा हंगाम सुरू होतोय, म्हणून आपल्या मंडळाच्या गेल्या बैठकीत निघालेला विषय इथे टाकते.

२०१७ साली हार्वे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळलं ते २५ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या रात्री. सोमवारी ॲडिक्स आणि बार्कर धरणांतून पाणी सोडलं आणि ह्यूस्टनच्या पश्चिमेला कित्येकांच्या घरात शिरलं. तेव्हा आपली माणसं हात बांधून बसली नव्हती. डबे गेले, गाद्या गेल्या, पोरांनी ओल्या भिंती फोडल्या. पण सगळं फोनाफोनीवर. सरकारी दप्तरी त्याची नोंद शून्य.

नोंदीनं काय होतं? राष्ट्रपतींनी मोठी आपत्ती जाहीर केली की काउंटीच्या पात्र खर्चातला किमान ७५ टक्के वाटा फेमा, म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था, उचलते. उरलेल्या वाट्यात स्वयंसेवकांचे तास धरता येतात, तेच काम करणाऱ्या पगारी माणसाच्या दरानं. मात्र कोण, कुठे, काय काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लिहून सही हवी. आणि काम पात्र कामांत बसणारं हवं. काय बसतं नि काय नाही, हे पाणी चढल्यावर विचारून उपयोग नाही. म्हणून इथल्या वोआडच्या, म्हणजे आपत्तीत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या, बैठकीला आपलं कुणीतरी आत्तापासून जावं असं सुचवते. शिवाय जुने कपडे गोळा करणं या वर्षीपासून बंद. मतं कळवा.

प्रेषक: काका, केटी

चिटणीसबाई,

कपड्यांबद्दल एकदम मान्य. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. आम्ही लातूरची कॉलेजची पोरं मदतीला गेलो, तेव्हा पुढे पुढे लोक तंबू मागत होते आणि ट्रकमधून जुन्या साड्या उतरत होत्या. ते निवडत बसायलाच माणसं लागायची.

बाकीचं मात्र पटलं नाही. पाणी छातीला लागल्यावर सही कोण मागणार? हार्वेत लोकांनी आपापल्या बोटी काढल्या, परवानगीची वाट पाहिली नाही. दुसरं असं की वोआड म्हणजे बहुतेक चर्चवाल्यांचा गोतावळा. आपण सांस्कृतिक मंडळ. एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात बायबल, असला प्रकार झाला तर आपण त्यात कुठे उभे राहणार?

प्रेषक: वहिनी, शुगर लँड

काका, हार्वेनंतर आमच्या घराच्या भिंती बॅप्टिस्ट चर्चच्या लोकांनीच फोडल्या. माझ्या वडिलांच्या वयाचे निवृत्त लोक होते. आधी पाण्याच्या रेषेचे फोटो काढायला लावले, विम्यासाठी. मग ड्रायवॉल, म्हणजे भिंतीच्या जिप्समच्या पाट्या, चार फुटांवर सरळ रेषेत कापली, म्हणजे नवीन पाट्या तशाच आडव्या बसतात. आतलं ओलं इन्सुलेशन उपसलं, बुरशीचं औषध मारलं. फ्रिज वेगळा, ड्रायवॉल वेगळी, असे ढीग रस्त्याच्या कडेला लावले. ढीग कडेला नसेल किंवा सगळं एकत्र असेल तर ट्रक उचलत नाही, हे आम्हाला कुठे माहीत होतं!

निघताना त्यांनी विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का. सासूबाई म्हणाल्या, करा, मग मी रामरक्षा म्हणते. सगळे टोप्या काढून उभे राहिले, अगदी फलश्रुती संपेपर्यंत.

ते आमच्या ओळखीचे नव्हते. क्रायसिस क्लीनअप म्हणून मदत करणाऱ्या संस्थांची सामायिक यादी असते, तीत आमचं नाव होतं, ते त्यांच्या वाट्याला आलं, एवढंच. आणि वोआडमध्ये फक्त चर्चच नाहीत. राष्ट्रीय वोआडमध्ये तैवानच्या बौद्धांची त्झू ची आहे, इस्लामिक रिलीफही आहे. सरकारी मदतीत धर्म बघून भेदभाव करायचा नाही हे तर आपत्ती-मदतीच्या स्टॅफर्ड कायद्यातच लिहिलंय.

मला वाटतं, आपण तासांपेक्षा माणसांचा विचार करावा. ८ जुलै २०२४ला बेरिल वादळ आलं, बावीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली. आठवतोय ना तो उकाडा? कुठल्या अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील एकटे आहेत, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, कुणाला इंग्रजीत फोन करता येत नाही, हे काउंटीला कळणार कुठून? आपल्याला माहीत असतं. २-१-१ या मदत-क्रमांकाला फोन करून टेक्सासच्या 'स्टिअर' यादीत, म्हणजे आपत्तीत जादा मदत लागणाऱ्यांच्या सरकारी यादीत, अशांची नावं घालता येतात. दर वर्षी नव्यानं घालावी लागतात. मदत येईलच अशी हमी ती यादी देत नाही, तेव्हा शेजारच्या घराचा नंबर आपल्याकडेही हवाच.

प्रेषक: काका, केटी

रामरक्षा पूर्ण ऐकली म्हणता? आमच्या नातवंडांना हे जमत नाही.

ठीक आहे, विरोध मागे. पण बोटीचा मुद्दा सोडत नाही. पहिल्या दिवशी शेजारीच धावतो, कागद दुसऱ्या दिवसापासून. तसं ठरावात घाला.

प्रेषक: चिटणीस

घालते. हजेरीचा नमुना काउंटीकडूनच मागवते, आपला वेगळा नको. 'स्टिअर'साठी वहिनी केटी आणि शुगर लँडचे फोन करतील. पेअरलँड आणि सायप्रससाठी कोण? ज्यांचे आईवडील जूनमध्ये येताहेत त्यांनी मला वेगळं लिहा, 'सगळ्यांना उत्तर'चं बटण दाबू नका. आजारपणाची माहिती या ईमेल यादीवर नको.

वोआडच्या बैठकीला काका जाणार का?

प्रेषक: काका, केटी

सकाळची असेल तर. संध्याकाळी आय-टेन हायवेवर मी गाडी काढत नाही.