नुसतं वीक() लावून साप्ताहिक रिपोर्ट काढू नका

रिपोर्टवाला: काल इथेच कुणीतरी ठोकून दिलंय, "आठवड्याचा नंबर हवा तर वीक() लावा, वर्षाने ग्रुप करा, विषय संपला." संपला कुठे? वीक() म्हणजे तारखेवरून आठवड्याचा नंबर काढणारं डेटाबेसचं फंक्शन, पण प्रत्येक डेटाबेस तो वेगळा मोजतो. सोमवार, २९ डिसेंबर २०२५ घ्या. मायएसक्यूएलचं वीक() मोड (मोजणीची पद्धत) न दिल्यास, म्हणजे मोड ० मध्ये (आठवडा रविवारपासून), ५२ देतं, पोस्टग्रेस आयएसओ पद्धतीने (आठवडा सोमवार ते रविवार, ज्या वर्षात त्याचे जास्त दिवस त्या वर्षाचा) १, एसक्यूएल सर्व्हरचं साधं वीक ५३! पोस्टग्रेसचा तो १ साध्या वर्षासोबत ग्रुप केलात की डिसेंबरअखेरची विक्री जाऊन बसते जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. वर्षही आयएसओचंच घ्या. मायएसक्यूएलमध्ये यिअरवीक(तारीख, ३), म्हणजे आयएसओचं वर्ष आणि आठवडा एकत्र.

जुना_डीबीए: ते मीच लिहिलंय. ३१ डिसेंबरला "२०२६ चा आठवडा १" दाखवला की आमचे अकाउंट्सवाले रिपोर्ट परत पाठवतात. वर्ष संपायच्या आत नवं वर्ष कुणाला पटेल? मोड ० उगाच डिफॉल्ट नाही.

रिपोर्टवाला: त्याच मोडमध्ये १ ते ३ जानेवारी २०२६ ला आठवडा शून्य येतो. तो पटतो का त्यांना?

भोसरीकर: तुमचं सोमवार-रविवार चालू द्या. आमच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी, हजेरीचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. एका व्हेंडरने गुपचूप आयएसओ बसवलं. सलग राबलेल्या पोरांचे तास दोन आठवड्यांत फुटले, ४८ च्या वरचे दिसेचनात. ओव्हरटाइम बुडाला. महिनाभर भांडलो.

रिपोर्टवाला: हजेरीपटाचा इथे काय संबंध?

भोसरीकर: हजेरीपट काय वहीत असतो? तोही डेटाबेसमध्येच! १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवडा धरला होता शनिवारच्या मध्यरात्रीपासून, नाहीतर मुख्य निरीक्षक लेखी मंजूर करील त्या रात्रीपासून. सोमवार कुठेच नाही. आधी कामगाराचा आठवडा विचारा, मग फंक्शन निवडा.

जुना_डीबीए: म्हणजे रविवारपासून. मी तेच म्हणतोय.

भोसरीकर: नाही, तुम्ही डिफॉल्ट म्हणताय. मी विचारा म्हणतोय.

रिपोर्टवाला: बरं, पगाराला कॅलेंडर टेबल (कुठली तारीख कुठल्या आठवड्यात, हे आपणच ठरवून भरलेला तक्ता) हवं, तिथे आयएसओ नको. मान्य. पण विक्रीच्या रिपोर्टला नंबर आणि वर्ष एकाच पद्धतीचं हवं, यावर मी हटणार नाही.

जुना_डीबीए: यिअरवीक घेतो, घ्या. पण छापणार आठवडा सुरू झाल्याची तारीखच. आणि २०२६ ला तुमच्या आयएसओत आठवडे ५३, २०२५ ला ५२. मागच्या वर्षाशी तुलना मागितली की तो ५३ वा कुठल्या आठवड्यासमोर मांडायचा, तेवढं सांगा.