मदत हवी आहे : 'कबऱ्या गायीचे दिवस' आले कुठून?

नमस्कार मंडळी. आयर्लंडच्या खेड्यांत एप्रिल लागल्यावर पुन्हा गारठा पडला की जुनी माणसं म्हणतात, 'कबऱ्या गायीचे दिवस आहेत.' गोष्ट अशी : म्हातारी गाय फुशारकी मारते, 'मार्च सरला, तरी मी जिवंत!' मार्चला झोंबतं. तो एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतो आणि असा वारा-पाऊस सोडतो की गाय मरते. (साठवलेला चारा संपलेला, नवं गवत आलेलं नाही. ज्याच्या घरी गुरं आहेत त्याला वेगळं सांगायला नको.)

काही जण याचा संबंध १७५२ सालच्या कॅलेंडर बदलाशी जोडतात, तेव्हा ११ दिवस गाळले होते. मला नाही पटत. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकातल्या लिखाणातही मार्चच्या उसन्या दिवसांचा उल्लेख आहे.

१९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घेतलेल्या गोष्टी आता ऑनलाइन आहेत. पण बऱ्याच आयरिश भाषेत, तेही हस्तलिखित! कुणाला वाचता येतं का? शिवाय उत्तरेकडे तीनाचे नऊ दिवस होतात, गायीच्या जोडीला दोन पक्षीही येतात. ते कसे घुसले?