विंडोज सर्व्हर २००३ मध्ये नवीन लॅन कार्ड घातलं, ड्रायव्हर काही केल्या बसेना

भोसरी_अकाउंट्स (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. मी अकाउंट्स बघते, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच येते, तसा हा सर्व्हरपण माझ्याच गळ्यात पडलाय. जुना टॉवर, विंडोज सर्व्हर २००३, ३२ बिट, सर्व्हिस पॅक २. त्यावर स्टोअरचं आणि चलनांचं सॉफ्टवेअर आहे, ज्यांनी ते लिहून दिलं ते गृहस्थ आता फोन उचलत नाहीत.

गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, जोरात कडाडलं, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या मागचा लॅनचा (नेटवर्कच्या केबलचा) दिवा बंद तो बंदच. तीच केबल लॅपटॉपला लावली तर चालते, म्हणजे सर्व्हरचं पोर्टच गेलं. तपकीर गल्लीतून नवीन कार्ड आणलं, दुकानदार म्हणाले "टाका मॅडम, कशातही चालतं". स्लॉटमध्ये बसलं, दिवा पण लागला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि नाव नुसतंच "इथरनेट कंट्रोलर". सोबत वाटीच्या झाकणाएवढी सीडी मिळाली, तिचा सेटअप चालवला तर म्हणतो तुमची ऑपरेटिंग सिस्टिम चालणार नाही. आपोआप शोध म्हणावं तर सर्व्हरला नेटच नाही, शोधणार कुठे.

आमची सुट्टी गुरुवारी, जे करायचं ते त्याच दिवशी, आणि गुरुवारी लाईट कधी जाईल ते तुम्हा पुणेकरांना मी काय सांगू. तोवर चलनं हातानं लिहितोय. काय करू?

सदाशिव_४११०३० (रात्री १०:०५)

२००३ चा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला संपला. आपला सर्व्हर केळकर संग्रहालयाला द्या, तिथे दुपारी पंख्याखाली नीट राहील. कार्डाचे पैसे वाचले असते.

खडकी_हार्डवेअर (रात्री १०:३२)

काकांचं खोटं नाही, पण त्यानं उद्याचं चलन निघत नाही ना.

ताई, आधी एक करा. पिवळ्या चिन्हावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्सचा टॅब. तिथे लांबलचक ओळ दिसेल, त्यात "व्हेन" आणि "डेव्ह" च्या पुढे चार-चार अक्षरं असतात, ती इथे टाका. व्हेन म्हणजे चिप कुणाची, डेव्ह म्हणजे कुठली चिप. ८०८६ असेल तर इंटेल (हो, त्यांच्या जुन्या प्रोसेसरचाच नंबर), १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी असेल तर रियलटेक. डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, डबा एकाचा आणि चिप दुसऱ्याची हे रोजचंच आहे. ड्रायव्हर (कार्डाला विंडोजशी बोलतं करणारं सॉफ्टवेअर) चिपचा लागतो, डब्याचा नाही.

भोसरी_अकाउंट्स (बुधवार, सकाळी ९:५०)

व्हेन_१०ईसी, डेव्ह_८१६८. पुढे सबसिस्टिमचा आकडा आणि रेव्ह_०६ असं काहीतरी आहे. आणि काका, पंखा आमच्याकडेपण आहे.

खडकी_हार्डवेअर (सकाळी ११:१५)

छान. रियलटेकचं गिगाबिट कार्ड आहे, ८१११ आणि ८१६८ एकाच घरचे. यांचा एक्सपी आणि २००३ साठीचा ड्रायव्हर निघालेला आहे, म्हणजे काम होईल. सीडीचा सेटअप नवीन विंडोजसाठीचा आहे म्हणून तो दारातच अडवतोय, त्याच्याशी भांडत बसू नका. सेटअप म्हणजे नुसतं वेष्टन, खरा ड्रायव्हर आतल्या दोन-तीन फाइलींत असतो, आयएनएफ, एसवायएस आणि कॅट.

दुसऱ्या मशीनवर सीडी उघडा आणि एक्सपी किंवा २००३ नावाचा फोल्डर आहे का बघा. नसेल तर रियलटेकच्याच साइटवरून त्या काळचा घ्या, "ड्रायव्हर शोधून देतो" वाल्या साइटींवरून अजिबात नको, तिथे ड्रायव्हरसोबत पाहुणे पण येतात. झिप किंवा ईएक्सई असेल तर सेव्हन-झिपने सोडवा. मग आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून "डेव्ह_८१६८" शोधा आणि त्याच ओळीत तुमचा रेव्हचा (चिपच्या आवृत्तीचा) आकडा आहे का तेही बघा. ही पायरी सगळे गाळतात. कार्ड नवं आणि ड्रायव्हर फार जुना असेल तर चिप तीच पण रेव्हिजन यादीत नाही असं होतं, आणि मग माणूस तास तास नेक्स्ट नेक्स्ट करत बसतो. आकडा नाही सापडला तर त्याहून नंतरचा ड्रायव्हर घ्या, पण तो २००३ चाच हवा. २००३ ला एनडीआयएस (विंडोज आणि नेटवर्क ड्रायव्हरची आपसातली ठरलेली भाषा) ५.१ च्या पिढीचा ड्रायव्हर लागतो, एनडीआयएस ६ व्हिस्टापासून पुढे आलं, तो घालून काही होणार नाही.

गुरुवारी हात लावायच्या आधी डेटाचा बॅकअप घ्या. नेट नाही म्हणून पेनड्राइव्हवर, आणि पाठीमागचं यूएसबी वापरा. आणि सर्व्हर बंद करायच्या आधी देवाचं नाव घ्या. वर्षानुवर्षं न थांबलेली हार्डडिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही, मी दोनदा बघितलंय. बॅकअप झाला की बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बोर्डावरचं मेलेलं लॅन डिसेबल करा. अर्धमेलं असेल तर मधेच जागं होऊन घोळ घालतं.

मग डिव्हाइस मॅनेजर, अपडेट ड्रायव्हर, "मी स्वतः निवडतो", हॅव डिस्क, आणि आयएनएफ दाखवा.

पेंग्विन_कोथरूड (दुपारी १:२०)

हे सगळं लिनक्सवर नसतं असं लिहायला आलो होतो, पण नको. सेंटओएस ६ वर कार्ड बदललं की त्याचं नाव ईटीएच० चं ईटीएच१ होतं आणि ७०-पर्सिस्टंट-नेट नावाच्या रूल फाइलीत जुन्या कार्डाचा मॅक (कार्डाचा स्वतःचा नंबर) बसलेला असतो, ती ओळ काढेपर्यंत नेटवर्क उठत नाही. आणि तुमचंच ८१६८ आमच्याकडे आर८१६९ ड्रायव्हर उचलतो, त्यावर कधीकधी लिंक येते नि जाते. जुन्या कार्डाचं भूत सगळीकडेच असतं. ताई, गुरुवारी तुम्हालाही भेटेल, सांगून ठेवतो.

भोसरी_अकाउंट्स (गुरुवार, दुपारी १२:४५)

ड्रायव्हर बसला!! रेव्हचा आकडा दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये सापडला. हार्डडिस्क फिरली, मीच श्वास धरून उभी होते. सव्वाअकराला लाईट गेली, यूपीएसवर वीस मिनिटं काढली, तेवढ्यात आयएनएफ दाखवून घेतला.

पण पेंग्विन दादा, तुमचं भूत भेटलं. जुना आयपी टाकला, शेवटी .१० वाला, तर म्हणतो हा पत्ता दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला आहे, तो ॲडॅप्टर दिसत नाही कारण तो मशीनमध्ये नाही, वेगळा पत्ता टाकता का? मी हो म्हणून .११ टाकला. आता सर्व्हर दिसतो पण चलनाचं सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवर .१० लाच शोधतंय, एकही उघडत नाही.

खडकी_हार्डवेअर (दुपारी १:०५)

हा प्रकार आहे खरा. मेलेल्या कार्डाचा पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) तसाच असतो, घर सोडून गेलेल्या भाडेकरूची पाटी दारावर राहते तसा. तुम्ही बायोसमध्ये त्याला बंद केलंत म्हणून आता तो दिसत नाही, पण नाव लावून बसलाय.

कमांड प्रॉम्प्ट उघडा. टाइप करा: सेट, स्पेस, डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१ (बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको, अर्थात इंग्रजीत). आणि त्याच काळ्या खिडकीतून डेव्हएमजीएमटी.एमएससी चालवा. आयकॉनवरून उघडलंत तर ते ऐकणार नाही, कारण सेट फक्त त्या खिडकीपुरतं असतं. मग व्ह्यूमध्ये शो हिडन डिव्हायसेस. नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये जुनं कार्ड फिकट रंगाचं दिसेल, त्याच्यावर अनइन्स्टॉल. बाकी वॅन मिनीपोर्ट वगैरे दिसेल त्याला हात लावू नका, ती माणसं घरचीच आहेत.

मग .१० परत टाका. सबनेट आणि डीएनएस जुन्यासारखंच.

भोसरी_अकाउंट्स (दुपारी २:३०)

झालं! फिकट रंगाचं एक नाही, दोन निघाली. आमच्या आधीच्या कुणीतरी पण एकदा कार्ड बदललं असणार. .१० आला, सगळ्या मशीनवर चलन उघडलं, साहेब चहा पाजून गेले.

पण (पण आहेच) पिंग (सर्व्हरला छोटी हाक मारून बघायची ती) मस्त येतो, एक मिलिसेकंदाच्या आत, पण ३०० एमबीची बॅकअप फाइल ऑफिसच्या मशीनवर ओढली तर तासाच्या वर दाखवतंय. आठवलं, लॅपटॉप त्या केबलला लावला होता तेव्हापण कॉपी रडतच होती, मला वाटलं लॅपटॉपच जुना.

भाऊ_निगडी (दुपारी ३:१०)

सर्व्हिस पॅक २ आहे ना, चिमणी (टीसीपी चिमनी नावाचं सेटिंग) बंद करा. नेटएसएच आयएनटी आयपी सेट चिमनी डिसेबल्ड. सर्व्हिस पॅक २ नंतर ती आपोआप चालू होते आणि नेटवर्क रडतं, आमच्याकडे याच चिमणीने दोन दिवस खाल्ले होते.

खडकी_हार्डवेअर (दुपारी ३:४०)

भाऊ, चिमणी बंद केल्याने नुकसान नाही, पण इथे दोषी ती नाही. टीसीपी चिमणी म्हणजे कनेक्शनचं काम कार्डावर ढकलायचं, ते ब्रॉडकॉमच्या नेटएक्स्ट्रीम टू सारख्या कार्डांत असतं, या रियलटेकला तेवढं अंग नाही. आणि लॅपटॉपवर पण तेच रडगाणं आहे म्हटल्यावर दुखणं सर्व्हरच्या बाहेर आहे.

ताई, मला स्विचचा (सगळ्या केबली जोडलेल्या डब्याचा) संशय येतो. तुमचा स्विच मॅनेज्ड आहे का, आयपी वगैरे असलेला? पूर्वी लोक सर्व्हरचं पोर्ट "१०० फुल" (स्पीड १०० आणि फुल डुप्लेक्स, म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायचं) असं ठोकून ठेवायचे, दोन्ही बाजूला. जुन्या कार्डावर पण तेच सेटिंग असेल, म्हणून वर्षानुवर्षं नीट चाललं. आता नवीन कार्ड ऑटोवर आहे, म्हणजे समोरच्याला विचारून ठरवतं. एक बाजू ऑटो आणि समोरची मुकी असली की ऑटोवाल्याला स्पीड कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, आणि नियमाने ती हाफ धरते. मग स्विच म्हणतो मी बोलत असतानाच तू बोल, आणि कार्ड म्हणतं कुणी बोलत असेल तर मी गप्प. पिंगसारखं एखादं वाक्य निघून जातं, मोठी फाइल म्हणजे सोसायटीची सर्वसाधारण सभा होते.

भोसरी_अकाउंट्स (संध्याकाळी ५:२०)

स्विच निळा आहे, आयपी आहे, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. म्हणून कार्डाच्या ॲडव्हान्स्डमध्ये स्पीड अँड डुप्लेक्सला १०० फुल करून बघितलं. तीच फाइल अर्ध्या मिनिटात!

खडकी_हार्डवेअर (संध्याकाळी ५:४५)

म्हणजे तेच होतं. आत्तापुरतं राहू द्या. पुढे साधा गिगाबिट स्विच आणलात तर कार्ड आठवणीने परत ऑटोवर करा, नाहीतर हीच गंमत उलट्या बाजूने होईल. तांब्याच्या केबलवर गिगाबिटला ऑटो लागतंच.

आता दोन गोष्टी. एक, ड्रायव्हर बसला म्हणून त्याला इंटरनेट देऊ नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं व्हायरस) आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने संपलेल्या २००३ साठीसुद्धा पॅच काढला होता, तो टाकलाय का बघा, आणि गेटवेचा (बाहेर नेटवर जायच्या दाराचा) रकाना रिकामा सोडा. काकांचं ते पण बरोबर आहे, हळूहळू डेटा दुसरीकडे न्या.

दुसरं, ते पोर्ट मेलं कसं? सर्व्हर आणि स्विच एकाच खोलीत आहेत का?

भोसरी_अकाउंट्स (संध्याकाळी ६:१५)

नाही. सर्व्हर स्टोअरच्या शेडमध्ये, स्विच ऑफिसात, मधे केबल पत्र्यावरून गेलीये, पाण्याच्या पाइपाला सुतळीने बांधलेली.

खडकी_हार्डवेअर (संध्याकाळी ६:२२)

अहो ताई, मग ते तिथेच आहे. उघड्यावरची तांब्याची तार आहे ती, वीज तिच्यावर पडायला लागत नाही, जवळपास पडली तरी पुरतं, आणि दोन शेडचं अर्थिंग वेगळं असेल तर अजूनच. मधे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा), दोन्ही एकाच स्पीडचे आणि एकाच जातीच्या फायबरचे घ्या. काचेतून वीज जात नाही.

सदाशिव_४११०३० (संध्याकाळी ७:००)

आणि फायबर तरी सुतळीने बांधू नका.

भोसरी_अकाउंट्स (रात्री ८:१०)

साहेबांना दाखवलं. म्हणाले फायबर पावसाळ्यानंतर बघू. मी तपकीर गल्लीत फोन करून तसलंच अजून एक कार्ड ठेवायला सांगितलंय, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आहेच. आणि पाऊस दिसला की स्टोअरचा पोरगा ती केबल सर्व्हरमधून काढून ठेवेल, तसा कागद दारावर चिकटवलाय.